एकुलत्या नंदीचे मोल

आमच्या दारव्ह्यात 'हर्रास' हा शब्द पोरासोरांनाही परका नाही. कापसाचे ढीग लागतात. व्यापारी मूठभर कापूस उचलून धाग्याची लांबी पाहतात, ओल बोटांनी जोखतात आणि बोली सुरू होते. गलका पुष्कळ, परंतु भाव कोठे थांबणार याचा अदमास सर्वांनाच असतो. एक ढीग हातचा गेला तर शेजारी तसाच दुसरा असतो ना!

पण ज्या वस्तूला दुसरी जोडच नाही, तिचा भाव कोणत्या बाजारात विचारावा? हा प्रश्न माझ्या भाच्याने मजपुढे टाकला. तो चित्रकलेचा विद्यार्थी. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडील मुले जो चाकांचा लाकडी नंदी मिरवतात, तसा एक त्याने सुताराकडून घेतला. एका कुशीवर १९९४ पर्यंत वाफेवर धावलेली आमची शकुंतला रंगविली, दुसरीवर फुटलेली कपाशी. आता तो इंटरनेटवरील लिलावात मांडावयाचा होता. "मामा, बोली कितीपासून धरू?"

लाकूड, रंग आणि दिवसांची मजुरी यांची बेरीज त्याने आधीच केली होती. ती बेरीज खोटी नव्हे. पण तिने तोटा कळतो, मोल कळत नाही. १९९९ साली शिकागो शहरात तीनशेहून अधिक फायबरच्या गाई कलावंतांनी रंगवून रस्त्यांवर उभ्या केल्या. पुढे त्यांतील बऱ्याचशांचा धर्मादाय लिलाव झाला व सुमारे ३५ लाख डॉलर जमले. मोजक्या साच्यांतून निघालेल्या त्या गाई! साच्याचे मोल सारखे, किंमत मात्र रंगविणाऱ्या हाताची.

मग मोठ्या नावांकडे पाहावे काय? १९२४ साली नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांचे एक चित्र २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात २९ कोटींवर गेले. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. परंतु दुसऱ्याच्या नावाचा भाव उसना घेता येत नाही.

लिलावाचे खरे मर्म निराळेच आहे. त्याला गिऱ्हाईक एक असून भागत नाही, दोन लागतात. एखादा रसिक त्या नंदीसाठी वेडा झाला तरी दुसरा जेथे माघार घेतो, त्याच्या एक पायरी वरच किंमत थांबते. अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्रे यांनी १९६१ साली लिलावाचा विचार मांडला, तो या दुसऱ्या माणसालाच मध्यभागी ठेवून. म्हणून आरंभीची बोली अशी हवी की दुसराही दाराशी यावा. ती चढी ठेवणे म्हणजे दाराला कडी घालून पाहुण्यांची वाट पाहणे होय. मात्र मनाशी एक राखीव आकडा असावा. त्याखाली नंदी सोडावयाचा नाही.

तो आकडा कोणता? येथे हिशेब संपतो आणि माणूस सुरू होतो. ज्या रकमेपेक्षा नंदी घरच्या फडताळात राहिलेला बरा वाटेल, ती रक्कम. ती मामाने सांगावयाची नसते.

आणखी एक गोष्ट मला टोचत राहिली. १९५७ च्या आपल्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली घातलेल्या तरतुदीप्रमाणे मूळ चित्र वा शिल्प पुढे दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्यात कलावंताचा वाटा धरला आहे. तो दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. कायद्याने चित्रकाराची आठवण ठेवली, हे उत्तमच. परंतु ज्याने त्या नंदीची मान जरा तिरकी वळविली, आणि त्यामुळेच तो जिवंत वाटतो, त्या सुताराला बाजारभावाने पैसे देऊन आपण मोकळे झालो. त्याच्या लेखी तो एकुलता नव्हताच. तसे कितीतरी त्याने कोरले.

भाच्याने वर्णनात लांबी-रुंदी दिली, मागच्या पायाची बारीक चीरही लपविली नाही. आणि कोरणाराचे नाव आपल्या नावाच्या वर लिहिले. बोली कितीवर जाईल ते जावो. त्या नंदीच्या मोलाचा एक भाग तेवढ्यानेच चुकता झाला, असे मला वाटते.