चोर सोडून माकडाला फाशी

एखाद्याचं नाव एकदा बद्दू झालं की झालंच! आता माकडाचंच बघा ना. २०२२ साली ‘मंकीपॉक्स’च्या बातम्या येऊ लागल्या आणि माझ्या वर्गातली दोन पोरं दप्तरात बेचकी घेऊन आली. “बाई, शाळेमागच्या चिंचेवरची वानरं रोग पसरवतात!”

बेचक्या माझ्या खणात गेल्या. पण पोरांना नुसतं रागावून काय होणार? मग गणित बाजूला ठेवलं आणि त्या नावाची गोष्ट सांगायला बसले.

१९५८ साली डेन्मार्कमध्ये, प्रयोगशाळेतल्या माकडांच्या अंगावर देवीसारखे फोड उठले. विषाणू प्रथम तिथे सापडला, म्हणून नाव माकडाचं. बिचारी स्वतःच आजारी होती! माणसात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तो १९७० साली, आफ्रिकेतल्या काँगो देशात, नऊ महिन्यांच्या बाळाच्या अंगावर. ताप येतो, गळ्याला गाठी येतात, मग पुरळ, फोड आणि खपल्या. आजारी प्राणी चावला, त्यानं ओरबाडलं किंवा फोडांना हात लागला, की विषाणू अंगात शिरू शकतो.

शास्त्रज्ञांचा संशय आहे तो आफ्रिकेच्या रानातल्या खारी-उंदरांवर. २००३ साली घाना देशातून असे प्राणी अमेरिकेत विकायला आणले. त्यांत गालात पिशवी असलेले मोठे उंदीर होते. व्यापाऱ्यानं त्यांच्या शेजारीच प्रेअरी डॉग ठेवले. नाव ‘डॉग’, पण हा खारीचा भाऊबंद! (नावांचा घोळ इथेही आहेच.) असे गुबगुबीत की कुणीही कुशीत घ्यावं. लोकांनी ते हौसेनं घरी नेले आणि ४७ जणांना लागण झाल्याची नोंद झाली. त्यांत तुमच्यासारखी मुलंही होती. सुदैवानं कुणी दगावलं नाही. या साऱ्यात माकड कुठेच नव्हतं!

२०२२ ची साथ तर माणसाकडून माणसाकडे, जवळच्या स्पर्शातून पसरली. तरी ब्राझीलमध्ये लोकांनी माकडांवर हल्ले केले, विष घातलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं आजाराला ‘एमपॉक्स’ हे नवं नाव दिलं.

“बाई, मग आता खारींना मारायचं का?” एकीनं विचारलं. नाही गं! खार तिच्या झाडावर सुखी असते. तिला पिंजऱ्यात घालून घरी कोण आणतं?

आणि हो, वानर किंवा कुत्रं चावलं, ओरबाडलं, तर घाबरून घरी लपवू नका. जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. तिथे भीती एमपॉक्सची नसते, रेबीजची असते.