बदामची तिर्री

मी ब्रिज शिकलो तो सासऱ्यांमुळे. त्याआधी माझं पत्त्यांतलं शिक्षण मेंढीकोटापर्यंत झालं होतं, तेही गणपतीच्या जागरणांत, चाळीच्या गॅलरीत. मेंढीकोटात खेळापेक्षा खुणा महत्त्वाच्या. कान खाजवला की इस्पिक, छातीवर हात ठेवला की बदाम. माझा तेव्हाचा भिडू खोकून खोकून आपल्याकडच्या दश्श्या कळवायचा. शेवटी त्याच्या आईनं त्याला डॉक्टरकडे नेलं. पण खुणा बदलल्या नाहीत.

दिवाळसणाला अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, "जावईबापू, ब्रिज खेळता का?" मी "शिकेन" म्हणालो. इतरांना दिवाळसणाला अंगठी मिळते, मला भिडू मिळाला.

ब्रिजमध्येही खुणा असतात हे ऐकून मला फार बरं वाटलं. तुम्ही बचाव करत असता. समोर बसलेल्या भिडूची पानं तुम्हाला दिसत नाहीत, तुमची त्याला दिसत नाहीत. तेव्हा पानांनीच बोलायचं. भिडूनं बदाम खेळला आणि तुम्हाला तो आवडला, तर मोठंसं पान टाका, अठ्ठी-नव्वी. नाही आवडला, तर बारीक टाका, म्हणजे "दुसरीकडे बघ." आधी मोठं आणि मग लहान टाकलं की "माझ्याकडे या रंगाची पानं समसंख्येनं आहेत." मला वाटलं, हा तर सुशिक्षित मेंढीकोट!

"मात्र," अण्णा म्हणाले, "आपल्या खुणांचा अर्थ प्रतिपक्षाला माहीत असला पाहिजे. कार्डावर लिहून त्यांच्यासमोर ठेवायचा. त्यांनी विचारलं तर समजावून सांगायचा."

"मग ती खूण कसली?" मी विचारलं. चोरानं घरमालकाला आपल्या येण्याची वेळ कळवावी, तसलाच हा प्रकार!

"खूण पत्त्यानं करायची. हातानं नाही, डोळ्यांनी नाही, उसाशानं नाही. पान टाकायला किती वेळ लावला, त्यानंही नाही."

हे भल्याभल्यांना जड गेलं आहे. 1965 साली ब्युनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत रीस आणि शापिरो या ब्रिटिश जोडीवर आरोप झाला, की पत्ते किती बोटांनी धरले यावरून ते एकमेकांना बदामांची संख्या सांगतात. जागतिक संघटनेनं त्यांना दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी लंडनच्या चौकशीत ते निर्दोष सुटले. 1975 साली बर्म्युडात तर भिडूंनी एकमेकांचं तोंड पाहू नये म्हणून टेबलावर पडदा लावला होता. तेव्हा एका इटालियन जोडीचे पाय टेबलाखाली संशयास्पद हलताना दिसले. त्यांना सक्त समज मिळाली आणि टेबलाखालीही आडोसा करावा लागला. म्हणजे खोकणाऱ्या आमच्या भिडूला आई नसती, तर तोही बर्म्युडापर्यंत गेला असता.

आमच्या जिमखान्यात पडदा नव्हता. त्याची गरजही नव्हती. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा चेहरा लॉकरसारखा, दोन किल्ल्यांशिवाय उघडायचा नाही. तो एकदाच किलकिला झाला, तेही नेमका स्पर्धेच्या शेवटच्या डावात.

प्रतिपक्षाचं कॉन्ट्रॅक्ट चार इस्पिकचं. त्यांना दहा हात हवे होते. आम्ही चार केले की ते बुडणार. मी बदामचा एक्का टाकला. राजाही माझ्याकडेच होता. डमीत गुलाम आणि दोन बारीक पानं. अण्णांची बोटं एका पानावर गेली, थबकली, दुसऱ्यावर गेली. पंख्याचे फेरे मोजून झाले, तेव्हा कुठे तिर्री पडली.

तिर्री म्हणजे "दुसरीकडे बघ." पण "दुसरीकडे बघ" म्हणायला माणूस एवढा वेळ लावतो का? राणी अण्णांकडेच! मी राजा टाकला, मग बारीक बदाम. आली राणी! पाठोपाठ त्यांचा इस्पिकचा एक्का. चार हात झाले, कॉन्ट्रॅक्ट बुडालं, चषक आमचा. प्रतिपक्षानंसुद्धा "छान बचाव" म्हणून पावती दिली.

"जरा डायरेक्टरना बोलवा," अण्णा म्हणाले.

"का? काय तक्रार आहे?"

"आमच्याविरुद्ध आहे."

डायरेक्टर आले. अण्णांनी सांगितलं, "माझ्याकडे राणी, तिर्री, दुर्री होती. हवं म्हणायला मोठं पान नव्हतं, म्हणून मी घुटमळलो. माझ्या भिडूनं तिर्री वाचली नाही, मला वाचलं."

डायरेक्टर चपापले. "अण्णासाहेब, स्वतःच्या बाजूची चूक सांगायची नियमात सक्ती नाही."

"सक्ती नाही म्हणूनच सांगतोय."

निकाल फिरला. कॉन्ट्रॅक्ट झालं असं धरलं गेलं, आणि चषक समोरच्या दोघांच्या घरी गेला. घरी परतताना मी फुगलो होतो. शेवटी न राहवून म्हणालो, "विचार करणं हा काय गुन्हा आहे?"

"मुळीच नाही. पण भिडूचा विचार ऐकू आला, तर आपण बहिरं व्हायचं. दोन वाटा दिसल्या, तर त्याच्या घुटमळण्यानं दाखवलेली वाट सोडायची."

"पण अण्णा, मला राणी समोर दिसत होती!"

"दिसली ना? तिथंच तर चुकलं."

काही महिन्यांनी पुन्हा तसाच डाव आला. माझा एक्का, अण्णांचं घुटमळणं, आणि शेवटी एक बारीक पान. माझ्या हातातला राजा अक्षरशः वळवळत होता. पान म्हणत होतं "नको", घड्याळ म्हणत होतं "हवं." मी दीर्घ श्वास घ्यायचाही टाळला आणि मुकाट्यानं किलवर खेळलो. कॉन्ट्रॅक्ट झालं. अण्णांची राणी अर्थातच वाया गेली, आणि आम्ही तिसरे आलो. समोरचे भिडूसाहेब लॉकर बंद करून बसले होते.

बाहेर पडल्यावर मात्र ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरले आणि दोन स्पेशल चहा सांगितले. पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून काढले. दोन वर्षांच्या भागीदारीत हे प्रथमच घडत होतं.

ही खूण पत्त्यानं केलेली नव्हती, पण मला ती स्वच्छ वाचता आली. शिवाय टेबलापासून दूर होतो, तेव्हा तिचा फायदा घ्यायला नियमाची आडकाठी नव्हती. मी लगेच बटाटेवडा मागवला.