ओंजळ

पोरगी बर्मिंगहॅमला, पुतण्या लंडनला. तिकिटं पोरीनंच काढली. माझ्या पेन्शनीत औरंगाबाद-मुंबई झेपतं तेवढंच. (२०२३ पासून शहर छत्रपती संभाजीनगर झालं. आमची जीभ हळू. पण विद्यापीठाच्या नामांतराला १९७८ ते १९९४ लागली, तेव्हा घाई कुणालाच नव्हती.)

मोटारीनं लंडनला निघालो. वाटेत थांबलो तिथल्या नळाला चावीच नाही. हात खाली धरला की पाणी येतं म्हणे. हिनं वाकून ओंजळ धरली, पण हातभर लांब. आन् तशीच थांबली. पाणी कुठून येणार? नातू हसला. पोरगी म्हणाली, 'आजीला कळत नाही रे.'

माझं डोकंच फिरलं. आजीला समदं कळतं! गावात वरून ओतलेलं पाणी पिऊन वाढलीय ती. तूच पोराला काही सांगितलं नाहीस. पुढं गाडीत कुणी बोललं नाही.

लंडनात १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ साली बाबासाहेब इथं राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं घर विकत घेतलं. हिनं उंबऱ्यावर डोकं ठेवलं.

परतताना पोरीनं आपणहून सुरू केलं. १९३४ साल. आपला दौलताबाद किल्ला. बाबासाहेब आणि सोबतचे लोक धुळीनं माखलेले, हौदावर हातपाय धुतले. हौद बाटवला म्हणून केवढा गलका! शेवटी हत्यारी शिपाई बरोबर दिला, आत कुठं पाण्याला शिवू नयेत म्हणून.

'मग ते पाणी कुठं प्यायले?' नातवानं विचारलं.

पोरगी आरशातून माझ्याकडं बघाय लागली.