अंश, कला, विकला

माझ्या पत्रिकेत कर्क लग्न १७ अंश ४२ कला ९ विकलांवर आहे. पत्रिका आजोबांनी मांडली. जन्मवेळ सुईणीनं सांगितली होती, ओटीवरच्या लंबकाच्या घड्याळात बघून.

साठ विकलांची एक कला, साठ कलांचा एक अंश, तीस अंशांची रास, हे मला पाढ्यांबरोबरच पाठ झालं होतं. पुढे गणित कळू लागल्यावर मी हिशेब केला. अख्खं राशिचक्र दिवसभरात पूर्वक्षितिजावरून सरकून जातं, म्हणजे सरासरी चार मिनिटांत एक अंश. ओटीवरचं घड्याळ दोनच मिनिटं पुढे असलं तरी तीस कला गेल्या! आणि त्या शेवटच्या नऊ विकला म्हणजे काळाच्या हिशेबात अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. तेवढ्यात सुईणीला मान वळवून घड्याळाकडे बघणंही जमलं नसतं. आजोबांना हे ऐकवलं तर ते शांतपणे म्हणाले, “अगं, गणित अर्ध्यावर सोडायचं नसतं.”

घरात टिळक पंचांग यायचं, शेजारी दाते. एकाचं राशिचक्र रेवतीच्या ताऱ्यापासून मोजलेलं, दुसऱ्याचं चित्रेच्या ताऱ्याच्या बरोबर समोरून. दोन्ही आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचं अंतर. दोन्हीकडचं गणित मात्र बारकाव्यांपर्यंत चोख.

शाळेतल्या कोनमापकाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. अर्ध्या अंशाहून बारीक काही त्यावर दिसत नसे. पौर्णिमेचं चंद्रबिंब आकाशात जेमतेम तेवढंच, अर्ध्या अंशाचं असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ती प्लॅस्टिकची चकती जरा जपून वापरली असती.

खरी गाठ पडली ती डिप्लोमाला, आणि मग पाटबंधाऱ्याच्या नोकरीत कालव्याच्या आखणीवर. थिओडोलाइट. ओळंबा खुंटीवर आणायचा, बुडबुडा मध्यावर आणायचा, लांब उन्हात खलाशी रॉड धरून उभा, आणि भिंगातून व्हर्नियर वाचायचा. इथे कलेला मिनिट आणि विकलेला सेकंद म्हणत; आमच्या यंत्रावर वीस सेकंदांपर्यंत वाचता येई. एक सेकंद म्हणजे किलोमीटरभर लांब पाच मिलिमीटरही नाही, वीस सेकंद म्हणजे जवळजवळ दहा सेंटिमीटर. प्रत्येक कोन दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा दुर्बीण उलटी करून. यंत्राची स्वतःची खोट एका बाजूला अधिक येते, दुसऱ्या बाजूला उणी, आणि सरासरीत बरीचशी मिटते.

नऊ बाजूंच्या बंद ट्रॅव्हर्सचे आतले कोन १२६० अंश भरायला हवेत. नेमके भरलेले मी पाहिले नाहीत. वीस सेकंद गुणिले नऊचं वर्गमूळ, म्हणजे एका मिनिटापर्यंतची चूक माफ; त्यापुढे गेली की पुन्हा उन्हात. किती चुकायची मुभा आहे हे कामाआधीच लिहून ठेवणारं शास्त्र मला तिथे पहिल्यांदा भेटलं. पत्रिकेत तसा रकाना नव्हता.

विल्यम लॅम्बटननं १८०२ साली मद्रासजवळून हिंदुस्थानची मोजणी सुरू केली, तेव्हाचा त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. वर्तुळाचा व्यास तीन फूट. एवढ्या मोठ्या वर्तुळाच्या कडेवरही एक मिनिट म्हणजे मिलिमीटरचा सातवा-आठवा हिस्सा, मग सेकंदांची काय कथा! १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून ते धूड आदळलं आणि वर्तुळ वाकलं. लॅम्बटननं ते सुटं केलं आणि थोडं थोडं ओढत पुन्हा गोल करत आणलं. हिंदुस्थानच्या नकाशाबद्दल, साम्राज्याबद्दल बोलायचं ते बोलावं. वाकलेल्या वर्तुळाशी झगडणाऱ्या त्या माणसाबद्दल मला मात्र जवळीक वाटते.

निवृत्तीनंतर गुडघा बदलला. फिजिओथेरपिस्ट बाई बिजागरीनं जोडलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या पायाला लावतात आणि वाचतात, “पंच्याऐंशी.” जिना नीट उतरायला नव्वदच्या आसपास हवेत, खुर्चीतून उठायला त्याहून थोडे जास्त. “पाच अंश इकडे-तिकडे धरायचेच,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पाच अंश! माझ्या कालव्यावर ते किलोमीटरला सत्त्याऐंशी मीटर झाले असते आणि पाणी भलत्याच शेतात गेलं असतं. पण गुडघ्यापासून टाचेपर्यंत अंतर ते किती, हातभर. तिथे पाच अंशांनी फरक पडतो दोन बोटांचा. घरी येऊन मी हे कागदावर मांडून पाहिलं तेव्हा बाईंशी असलेलं भांडण मनातल्या मनात मिटवून टाकलं.

परवा त्यांनी ११० वाचले. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूनं पण वाचा, म्हणजे सरासरी काढता येईल.

“काकू, गुडघा उलटा करून कसा वाचणार?”