पूसकाठची नानकटाई

आश्विन सरत आला की पुसदभोवतीच्या टेकड्यांवरचे गवत पिवळे पडते, पूस नदीचे पाणी निवळते आणि शेतांत कापसाची वेचणी सुरू होते. आमच्या लहानपणी याच दिवसांत मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन मंडळी बेकरीच्या भट्टीकडे निघत. आता नानकटाई बहुधा घरच्या ओव्हनमध्येच भाजली जाते.

मधुमेही आजी मला विचारतात, "डॉक्टर, ही तळलेली नाही, मग हरकत काय?" वाचकहो, भाजल्याने त्यातील साखर-तूप कमी होत नाही. एखादी नानकटाई जेवणासोबत, पोळी थोडी कमी करून खावी. मात्र गोड खाल्ले म्हणून जेवण टाळू नये, गोळी वा इन्सुलिन मनाने वाढवू नये. उतारवयात साखर एकाएकी उतरणे जिवावर बेतू शकते.

पण पथ्याच्या नावाखाली आजींना स्वयंपाकघराबाहेर ठेवू नका. त्यांना खुर्चीवर बसवून परात पुढ्यात द्या, नातवंडाला शेजारी बसवा. तूप किती फेसावे, हे त्यांच्याच हातांना ठाऊक असते. मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील तर चटका कळत नाही. म्हणून तापलेला ट्रे तुम्हीच काढा. पहिली नानकटाई मात्र नातवंडाच्या हातून आजींनाच द्या, अर्धी का होईना.