फार्मसीच्या पदवीला दुसऱ्या पदवीची जोड

१९१६ साली बाबासाहेब लंडनला पोहोचले आणि त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव नोंदवले: ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले; १९२० मध्ये पुन्हा जाऊन त्यांनी दोन्ही अभ्यास पुरे केले. इतिहास शिकवताना आम्हाला असे दिसते, की मुले त्यांच्या पदव्या मोजण्यात रमतात. आम्ही विचारतो, अर्थशास्त्रज्ञाला वकिली कशाला हवी होती? अर्थशास्त्राने समाजाचे दुखणे समजले. वकिलीने कोणाच्या चाकरीवाचून जगण्याची सोय झाली.

हा प्रश्न आज फार्मसीकडे वळलेल्या आमच्या मुलांसाठी महत्त्वाचा आहे. आंबागडच्या परिसरात धानाच्या शेतीवर आणि चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींवर पोट असलेल्या घरांतून ही मुले येतात. दोन वर्षांचे डी.फार्म. करायचे, नोंदणी करायची आणि थांबायचे, असा रिवाज पडू पाहतो आहे. काही ठिकाणी तर मुलाचे प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर लटकते, महिन्याला ठरलेली रक्कम घरी येते आणि मुलगा भलतेच काम करीत असतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले जावे असे कायदा सांगतो. कष्टाने मिळवलेली विद्या भाड्याने देण्याचा हा प्रकार आम्हाला मुळीच मान्य नाही.

डी.फार्म. झालेल्यास बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते. औषध निरीक्षकाच्या पदासाठी पदविका पुरत नाही, पदवी लागते. आणि पदवीनंतर दुसऱ्या विषयाची जोड दिली, की फार्मासिस्ट दुकानाच्या काउंटरवरून उठून औषधाविषयीचे निर्णय होतात तेथे जाऊन बसतो.

कायद्याचेच पाहा. २०१२ मध्ये भारतात पहिला सक्तीचा परवाना दिला गेला. कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाचा महिन्याचा खर्च बायर कंपनीच्या दराने सुमारे २,८०,००० रुपये होता. परवाना मिळालेल्या नॅटको कंपनीने तेच औषध ८,८०० रुपयांत देण्याचे मान्य केले. अशा खटल्यांत रेणूची रचनाही कळावी लागते आणि पेटंट कायद्याचे कलमही. बी.फार्म. झालेला विद्यार्थी पेटंट एजंटची परीक्षा देऊ शकतो, तिला एलएल.बी.ची अट नाही. न्यायालयात उभे राहायचे तर मात्र ती पदवी हवी. बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे, आणि आपल्या मुलांना तिचे नावही माहीत नसावे, याची खंत वाटते.

सार्वजनिक आरोग्याची वाट आम्हाला अधिक जवळची वाटते. सिकलसेलने पूर्व विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी घरे पोखरली आहेत. हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचे औषध वजनाप्रमाणे द्यावे लागते, रक्ततपासणी वारंवार करावी लागते आणि बरे वाटले तरी ते मनाने बंद करायचे नसते. मात्रा जाणणारा आणि गावाचे आरोग्यही वाचू शकणारा माणूस येथे हवा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. व्यवस्थापनाची आवड असणाऱ्यांसाठी मोहालीच्या नायपर संस्थेत औषधक्षेत्राचे एम.बी.ए. आहे. अमेरिकेत फार्म.डी.बरोबर अशा जोडपदव्या एकत्रच घेतात.

आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास मुभा दिली आहे. परंतु फार्मसी दूरस्थ पद्धतीने होत नाही, तिची प्रात्यक्षिके दिवस खातात. म्हणून सोबतची पदवी मुक्त विद्यापीठाची असणेच सोयीचे. एलएल.बी. दुसऱ्या नियमित पदवीसोबत करता येत नाही, ती बी.फार्म.नंतरच घ्यावी. शिष्यवृत्तीचे गणितही आधी मांडावे. एका पदवीनंतर त्याच पातळीच्या दुसऱ्या पदवीला ती मिळेलच असे धरून चालू नये. समाजकल्याण कार्यालयात अगोदर विचारावे. शुल्क भरून बसलेल्या पालकांची धावपळ आम्ही पाहिली आहे. प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वी त्यांनी एकदा शाळेत यावे. जे माजी विद्यार्थी या वाटेने गेले आहेत, त्यांच्याशी गाठ घालून देण्याचे काम आमचे.