घरातील साठवण

घर लहान असो वा मोठे, तेथील वस्तू कोठे ठेवल्या आहेत यावरून त्या घराची घडी कळते. घरांना आशीर्वाद देणे, आजाऱ्यांना कम्युनियन नेणे अशा निमित्तांनी धर्मगुरूला बैठकीच्या खोलीपलीकडेही जावे लागते. गेल्या काही वर्षांत मला या घरांत एक बदल ठळकपणे जाणवतो. एकावर एक रचायच्या प्लास्टिकच्या पेट्या, पारदर्शक डबे, चाकांचे रॅक यांची खरेदी वाढली आहे आणि तरीही ‘घरात जागा नाही’ ही तक्रार कायम आहे. दुसरबीडच्या परिसरात एका गृहिणीने नवे डबे दाखवून हसत म्हटले, “फादर, डबे तं आनले, आता यात ठेवू काय, ते तुम्हीच सांगा!” तिच्या विनोदात प्रश्नाचे मर्म होते. वस्तू पाहून डबा निवडण्याऐवजी आपण डबा पाहून वस्तू शोधतो.

दुसरबीड हे बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील, जालना-मेहकर रस्त्यावरचे गाव. भोवती सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा यांची शेती. शेतकऱ्याच्या घरी साठवणीचा प्रश्न हा शोभेचा नसून वर्षभराच्या भाकरीचा असतो. म्हणूनच आपल्याकडील जुन्या घरांनी प्रत्येक जिनसाला तिची जागा नेमून दिली होती. तुराट्यांची वा बांबूची, शेणामातीने लिंपलेली कणगी ज्वारीसाठी; वाड्यांमध्ये धान्यासाठी बळद; डाळी-कडधान्यांसाठी उतरंड; मांजरापासून राखायच्या दूध-लोण्यासाठी शिंके. जेथे जमीन कोरडी व मुरमाड असे, तेथे पेव खणत. पेवाचे तोंड पक्के लिंपले की आतील प्राणवायू हळूहळू संपतो आणि कीड जगत नाही. आज मिळणाऱ्या हवाबंद पिशव्यांचे तत्त्वही हेच आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘पुसा’ कोठीत मातीच्या दोन भिंतींमध्ये प्लास्टिकचा कागद असतो. जुने शहाणपण आणि नवे साहित्य तेथे एकत्र आले आहे.

तेव्हा निवड करताना पहिला प्रश्न वस्तूच्या स्वभावाचा असावा. धान्याला ओल सोसत नाही. साठवायच्या धान्यात ओलावा शेकडा १२ पेक्षा अधिक नसावा, असे कृषितज्ज्ञ सांगतात. आपल्या आजी दाणा दाताखाली धरून कट्‌कन आवाज येतो का, हे पाहत. ओले धान्य महागड्या डब्यात भरले तरी त्याला बुरशी येणारच. पोती फळ्यांवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावीत. नवे धान्य जुन्यात मिसळू नये, जुने आधी संपवावे. कांदा-बटाटा मात्र हवाबंद पेटीत कुजतो. त्याला जाळीदार टोपलीच हवी. रंगाची रिकामी बादली किंवा फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी तो अन्नासाठी वापरू नये.

काय जवळ ठेवावे याइतकेच, काय दूर ठेवावे हेही महत्त्वाचे आहे. येथे प्रश्न प्राणांचा आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून पोत्यांत टाकल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून हवेतील ओलाव्याने फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या खोलीतही शिरतो आणि त्यावर उतारा नाही. सरकारी नियमांप्रमाणे या गोळ्यांचा वापर केवळ अधिकृत, प्रशिक्षित व्यक्तींनीच करावयाचा आहे. तरीही काही घरांत त्या बिनदिक्कत वापरल्या जातात आणि त्याच खोलीत मुलेबाळे निजतात. पूर्वीचे लोक पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. कोंडलेली हवा बाहेर पडू देत. ती सावधगिरी आपण गमावू नये. जेथे माणसे झोपतात तेथे ही गोळी नको. उन्हात खडखडीत वाळवणे, कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकण एवढ्यावर घरापुरते धान्य पुष्कळदा निभावते.

फवारणीच्या औषधांचेही तसेच. पलंगाखाली, कोनाड्यात, तेलाच्या बाटलीशेजारी ठेवलेले औषध मी पाहिले आहे. मूल ते अजाणता तोंडाला लावू शकते. कर्जाने वा घरातील भांडणाने खचलेला जाणता माणूसही एखाद्या काळ्या क्षणी त्याकडे वळू शकतो. तो क्षण टळला तर माणूस पुष्कळदा सावरतो. म्हणून घरात पैशांसाठी एकच पेटी घेता येत असेल, तर ती कुलपाची घ्यावी, राहत्या घराबाहेर ठेवावी आणि औषधे त्यात ठेवावीत. शेतकऱ्याच्या घरातील साठवणीचे सर्वांत मोलाचे साधन मला हे कुलूपच वाटते.

कागदपत्रांची गोष्ट वेगळी. ती चटकन हाताशी यावीत. सातबारा, शिधापत्रिका, बाप्तिस्म्याचा दाखला, दवाखान्याची कागदे गादीखाली विखुरलेली असतात आणि ऐन वेळी सापडत नाहीत. घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबा आणि वेगवेगळी पाकिटे एवढे पुरे. मात्र तो डबा कोठे आहे हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे.

उरते ते अधिकचे. पवित्र शास्त्रात योसेफ धान्य साठवतो, ते दुष्काळात लोकांना पुरावे म्हणून. लूकच्या शुभवर्तमानातील धनवान अधिक मोठी कोठारे बांधू पाहतो, ती केवळ स्वतःसाठी. कोठारे दोघांचीही, फरक आहे तो ती कोणासाठी भरली जातात यात. दहा वर्षे न उघडलेल्या पेटीतील चादर शेजारच्या म्हातारीच्या अंगावर अधिक शोभते.

वाचकहो, पुढच्या बाजारी नवा डबा घेण्यापूर्वी घरातील एक फळी रिकामी करून पाहा. काय रोज लागते, काय कुलपात जायला हवे आणि काय दुसऱ्याच्या घरी असायला हवे, हे आधी ठरू द्या. त्यानंतरही डबा लागलाच, तर तो केवढा घ्यायचा हे आपल्याला आपोआप कळेल.